परवडणारी टेलिफोटो झूम लेन्स पारखून घेताना

कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ मिमीची लेन्स काही महिने वापरली की तिची मर्यादा जाणवू लागते. शेंड्यावर बसलेला पक्षी, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चेंडू अडवणारा खेळाडू, पौर्णिमेचा चंद्र, हे सारे चित्रात ठिपक्याएवढे उमटतात आणि दूरचे जवळ आणणारी लेन्स हवीशी वाटते. अशा वेळी बहुतेक जण खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहतात. २०० पेक्षा ३०० चांगली, ३०० पेक्षा ४०० त्याहून चांगली, असा हिशेब मांडला जातो आणि खर्चाची मर्यादा जिथे आडवी येते तिथे खरेदी होते. हा हिशेब अपुरा आहे. टेलिफोटो झूम (दूरचे जवळ आणणारी, पल्ला कमीजास्त करता येणारी लेन्स) घेतलेला माणूस ती बहुतांश वेळ तिच्या सर्वांत लांब टोकालाच वापरतो, म्हणून लेन्सची पारखही त्याच टोकाला केली पाहिजे. तिथे ती किती प्रकाश आत घेते, हाताची थरथर किती सावरते, फोकस किती खात्रीने धरते आणि चित्र किती रेखीव देते, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय आकड्याला फारसा अर्थ नसतो.

खरेदीच्या आधी एक संध्याकाळ स्वतःच्या जुन्या छायाचित्रांसाठी द्यावी. संगणकावर छायाचित्राची माहिती उघडली की ते कोणत्या फोकल लेंग्थला (लेन्सचा पल्ला सांगणाऱ्या मिमीतल्या आकड्याला) काढले आहे हे दिसते. ज्या छायाचित्रांमध्ये आपण ५५ मिमीच्या टोकाला अडकलो आणि नंतर चित्र कापून विषय मोठा केला, ती वेगळी काढावीत आणि प्रत्येकात आपण नेमके किती कापले ते पाहावे. चौकटीची रुंदी निम्मी करावी लागली असेल तर ११० मिमी पुरले असते, चतुर्थांश करावी लागली असेल तर २२० मिमी. अशी वीस-पंचवीस छायाचित्रे तपासली की आपल्याला खरोखर किती पल्ला हवा आहे याचा अंदाज हाती येतो. ज्याला मुलांचे खेळ आणि समारंभ टिपायचे आहेत त्याची गरज अनेकदा २०० ते २५० मिमीमध्येच भागते, हे या तपासणीतून कळते आणि पुष्कळ खर्च वाचतो.

पल्ल्याचा साधा हिशेब

सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, विषयाची प्रतिमा किती मोठी पडेल हे काढणे अवघड नाही. विषयाच्या आकाराला फोकल लेंग्थने गुणावे आणि अंतराने भागावे. पंधरा सेंटिमीटरची चिमणी दहा मीटरवर बसली आहे असे समजू. ३०० मिमी लेन्सने तिची प्रतिमा सेन्सरवर ४.५ मिमी लांबीची पडते. एपीएस-सी आकाराचा (बहुतेक हौशी कॅमेऱ्यांतला) सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो, म्हणजे चिमणी चौकटीच्या रुंदीचा सुमारे एक-पंचमांश भाग व्यापते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ही लांबी सुमारे ११५० पिक्सेल भरते, आणि त्यातून कापून काढलेले चित्र पाहण्याजोगे होते. त्याच जागेवरून ५५ मिमी लेन्सने मिळतात जेमतेम २१० पिक्सेल. चिमणी वीस मीटरवर गेली तर ३०० मिमीलाही ५७५ च्या आसपासच पिक्सेल उरतात.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट उलगडते. २०० वरून ३०० मिमीवर गेल्याने प्रतिमा दीडपट होते, आणि पंधरा मीटरवरून दहा मीटरवर सरकल्यानेही ती तितकीच होते. दुसऱ्या उपायाला पैसे लागत नाहीत, शिवाय मधली हवा कमी झाल्याने चित्र अधिक स्वच्छ येते. पक्ष्याच्या जवळ दबकत, थांबत, त्याला न बिचकवता जाण्याची सवय ही कोणत्याही लेन्सइतकीच मोलाची आहे, आणि ज्याने ती लावून घेतली त्याला ३०० मिमीमध्ये दीर्घ काळ समाधान मिळते. अर्थात, घरट्याजवळ ही जवळीक साधू नये. तिथे दुरूनच पाहावे किंवा छायाचित्र काढूच नये.

खेळांचे गणित वेगळे आहे. पावणेदोन मीटर उंचीचा खेळाडू चाळीस मीटरवर असताना २०० मिमी लेन्सने एपीएस-सी सेन्सरवर ८.७५ मिमी उंच दिसतो, आणि सेन्सरची उंची सुमारे १५.६ मिमी असते. म्हणजे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला एवढा पल्ला पुरेसा आहे. चंद्राची प्रतिमा मात्र ३०० मिमीलाही केवळ २.७ मिमीच्या आसपास पडते, म्हणजे चौकटीच्या उंचीच्या जवळपास सहाव्या हिश्शाएवढी. चंद्राने चौकट भरावी ही अपेक्षा परवडणाऱ्या झूमकडून ठेवू नये. कापून घेतलेल्या चित्रात विवरे स्पष्ट दिसतात, तेवढे पुरे मानावे.

सेन्सरच्या आकारामुळे होणारा फरकही इथेच समजून घ्यावा. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांवर ३०० मिमी लेन्सची चौकट फुल-फ्रेम (सुमारे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरील ४५० मिमीसारखी दिसते, कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांवर ४८० मिमीसारखी आणि मायक्रो फोर थर्ड्स (एपीएस-सीहूनही लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यांवर ६०० मिमीसारखी. लेन्स तीच राहते आणि तिने पाडलेली प्रतिमाही तेवढीच राहते, फक्त लहान सेन्सर तिच्या मधला भाग उचलतो. छोट्या सेन्सरचा कॅमेरा बाळगणाऱ्या हौशी माणसाला दूरचे विषय टिपण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट याच एका कामात त्याची बाजू स्वस्त पडते. फुल-फ्रेम कॅमेरा असणाऱ्याने मात्र ३०० ऐवजी ४०० मिमीचा विचार करावा.

प्रकाशाची किंमत

लेन्सच्या नावात ४-५.६ किंवा ४.५-६.३ असे दोन आकडे असतात. पहिला आखूड टोकाचा आणि दुसरा लांब टोकाचा कमाल ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा झरोका, सांगतो; आकडा जितका लहान तितका झरोका मोठा, आणि तो एफ/५.६ असा लिहितात. पहिल्या आकड्याने हुरळून जाऊ नये, कारण थोडे झूम करताच तो मागे पडतो. आपण लांब टोकाला राहणार आहोत, म्हणून दुसराच आकडा आपला.

स्वस्त आणि महाग लेन्समधील तफावत इथे डोळ्यांना दिसते. फोकल लेंग्थला ॲपर्चरच्या आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या झरोक्याचा व्यास मिळतो. ३०० मिमी एफ/५.६ साठी तो सुमारे ५४ मिमी येतो, तर ३०० मिमी एफ/२.८ साठी १०७ मिमी. दुप्पट व्यासाची, तितकीच अचूक घासलेली काच अनेक पटींनी महाग आणि जड असते. परवडणाऱ्या लेन्स लांब टोकाला एफ/५.६, ६.३, कधी ७.१ किंवा ८ वर येऊन थांबतात ते याचमुळे. त्यात फसवणूक काही नाही, फक्त काय सोडले आहे ते माहीत असावे. ५.६ आणि ६.३ यांतला फरक एक-तृतीयांश स्टॉपचा आहे आणि त्याची चिंता करू नये. ५.६ आणि ८ यांत मात्र पूर्ण एका स्टॉपचा, म्हणजे निम्म्या प्रकाशाचा फरक आहे. एकीकडे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १६०० लागत असेल तिथे दुसरीकडे ३२०० लागेल. उजेडात फिरणाऱ्याला ते चालून जाते. पहाटे आणि तिन्हीसांजेला, झाडीच्या सावलीत काम करणाऱ्याला ते सतत टोचत राहते.

ज्यांना बंदिस्त सभागृहातील नृत्य, नाटक किंवा खेळ टिपायचे आहेत त्यांना एक वेगळाच सल्ला द्यावासा वाटतो, आणि तो मी मनापासून देतो: परवडणारी टेलिफोटो झूम या कामासाठी घेऊ नये. ८५ मिमी एफ/१.८ ची स्थिर फोकल लेंग्थची लेन्स एफ/५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. विषय थोडा लहान येईल आणि चित्र कापावे लागेल, पण हलणारा हात गोठलेला आणि चेहरा ओळखू येणारा मिळेल. अंधारात पल्ला कमी पडला तर मार्ग निघतो, प्रकाश कमी पडला तर निघत नाही.

हाताची थरथर

हातात धरून छायाचित्र काढताना शटर उघडे राहण्याचा वेळ फोकल लेंग्थच्या व्यस्त प्रमाणात ठेवावा असा जुना दंडक आहे, आणि लहान सेन्सरवर तो चौकटीच्या हिशेबाने आणखी कडक होतो. निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३०० मिमीसाठी किमान १/४५० सेकंद असा तो येतो. लेन्समधील स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) चार स्टॉपची मदत करत असेल तर स्थिर विषयासाठी हीच मर्यादा १/३० सेकंदाच्या जवळ येते. एफ/६.३ च्या लेन्सने कमी उजेडात काम करायचे तर या मदतीशिवाय भागत नाही.

माझी पहिली टेलिफोटो झूम स्थिरीकरणाविना होती. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर सारी छायाचित्रे उत्तम दिसली, आणि घरी संगणकावर पूर्ण आकारात उघडली तेव्हा खंड्याच्या चोचीला दोन कडा दिसल्या, डोळ्यातील उजेडाचा ठिपका बिंदू न राहता आडवी रेघ झाला होता आणि पाठीवरची निळाई एकसलग रंग फासल्यासारखी सपाट झाली होती. फोकस चुकल्याचा संशय आला म्हणून मी पाण्यातल्या काठीवरच्या गवताच्या पात्यांकडे पाहिले; तीही सारी एकाच दिशेला सरकलेली होती. फोकस चुकला तर कडा सर्व बाजूंनी विरघळतात, हात हलला तर त्या एका दिशेला ओढल्या जातात. हा फरक ओळखता आला की आपले दुखणे लेन्सचे, हाताचे की फोकसचे हे ठरवता येते.

स्थिरीकरणाला कॅनन आयएस, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, फुजीफिल्म आणि पॅनासॉनिक ओआयएस, टॅमरॉन व्हीसी आणि सिग्मा ओएस म्हणते. लेन्सच्या नावात यांपैकी योग्य अक्षरे आहेत की नाहीत ते अक्षरशः बोट ठेवून वाचावे, कारण जुळ्या बहिणींसारख्या लेन्स बाजारात असतात. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० मिमी एफ/४.५-६.३ व्हीआर असलेली आणि नसलेली अशा दोन रूपांत निघाली. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या, कामात मात्र मोठा फरक. कॅननच्या ईएफ ७५-३०० मिमी एफ/४-५.६ मालिकेतील तिसऱ्या आवृत्तीत स्थिरीकरण नाही आणि ३०० मिमीला तिचे चित्र मऊ पडते. कॅमेऱ्यासोबतच्या संचात ती स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅमेऱ्याच्या बॉडीतच स्थिरीकरण असेल तर लेन्समधील अभाव काही प्रमाणात भरून निघतो. मात्र फोकल लेंग्थ जितकी जास्त तितका सेन्सरला अधिक सरकावे लागते, त्यामुळे लांब टोकाला बॉडीतील यंत्रणेचा प्रभाव घटतो. आणि कोणतेही स्थिरीकरण विषयाची हालचाल थांबवत नाही. उडत्या पक्ष्यासाठी १/१००० ते १/२००० सेकंदाचा वेग लागतोच, मग लेन्स कितीही महागाची असो.

फोकस आणि जुळणी

या विषयात चूक झाली तर लेन्स अक्षरशः निकामी ठरते, म्हणून आपल्या कॅमेऱ्याचे नेमके मॉडेल हाती घेऊनच चौकशी करावी. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे मोटर नसलेल्या जुन्या एएफ लेन्स त्यांवर आपोआप फोकस करत नाहीत. दुसऱ्या टोकाला, नव्या पद्धतीच्या एएफ-पी लेन्स डी९०, डी३१००, डी५१०० यांसारख्या जुन्या कॅमेऱ्यांशी जुळत नाहीत, आणि फोकसची कडीही विजेवर चालणारी असल्याने हातानेसुद्धा फोकस करता येत नाही. अशा कॅमेऱ्यासाठी एएफ-एस मालिकेतील ५५-२०० किंवा ५५-३०० मिमी व्हीआर शोधावी. कॅननच्या, एपीएस-सीसाठी बनवलेल्या ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसत नाहीत. कॅननच्या आर मालिकेच्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर मात्र कॅननच्याच ॲडॅप्टरने ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही प्रकारच्या लेन्स ऑटोफोकस आणि स्थिरीकरणासह चालतात, आणि हा परवडणाऱ्या खरेदीचा एक चांगला मार्ग आहे.

ऑटोफोकसचा वेग कागदावर कळत नाही. लेन्स हातात आली की ती सर्वांत लांब टोकाला न्यावी, दोन मीटरवरच्या वस्तूवर फोकस करावा आणि लगेच दूरच्या इमारतीवर. हे दहा वेळा करावे. एका झेपेत पोहोचणारी लेन्स चांगली. मागेपुढे चाचपडणारी लेन्स पक्षी उडून गेल्यावर फोकस धरील. स्टेपिंग मोटर (बारीक टप्प्यांनी फिरणारी मोटर, कॅननच्या नावात एसटीएम) असलेल्या अलीकडच्या स्वस्त लेन्स या बाबतीत जुन्या साध्या मोटरच्या लेन्सपेक्षा पुष्कळ सरस आहेत, आणि आवाजही कमी करतात.

रेखीवपणा कसा पाहावा

कोणतीही झूम लेन्स साऱ्या फोकल लेंग्थना सारखी चांगली नसते आणि स्वस्त झूमचा कमकुवतपणा सहसा लांब टोकालाच दिसतो. म्हणून इतरांनी काढलेले नमुने पाहताना सर्वांत लांब टोकाला आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरला काढलेलेच नमुने पूर्ण आकारात पाहावेत. ३०० मिमीला मऊ चित्र देणारी लेन्स आणि २५० मिमीला रेखीव चित्र देणारी लेन्स यांत मी दुसरी घेईन, कारण रेखीव चित्र वीस टक्क्यांनी मोठे केले तरी तपशील टिकतो आणि मऊ चित्रात नसलेला तपशील कशानेही परत येत नाही. पुष्कळ स्वस्त लेन्स एफ/८ वर एकदम सुधारतात. उजेड भरपूर असेल तेव्हा ही सुधारणा फुकटात मिळते.

उन्हात तापलेल्या जमिनीवरून, डांबरी रस्त्यावरून किंवा वाळूवरून दूरचे छायाचित्र घेतले तर मधली तापलेली हवा लहरते आणि प्रतिमा विस्कटते. पुष्कळांनी या दोषापायी चांगल्या लेन्स विकून टाकल्या असतील असे मला वाटते. लेन्सवर ठपका ठेवण्यापूर्वी तीच लेन्स सकाळच्या गारव्यात, जवळच्या विषयावर वापरून पाहावी.

जवळून फोकस करण्याची क्षमता हा एक दुर्लक्षित गुण. कॅननची ईएफ-एस ५५-२५० मिमी एफ/४-५.६ आयएस एसटीएम ८५ सेंटिमीटरवर फोकस करते आणि ०.२९ पट मोठेपणा देते. म्हणजे साधारण पावणेआठ सेंटिमीटर रुंदीची जागा पूर्ण चौकट भरते. फुलपाखरासाठी एवढे पुरते, आणि ते उडूनही जात नाही. ज्याला पक्ष्यांइतकेच कीटक आणि फुले आवडतात त्याने हा आकडा ॲपर्चरइतक्याच गांभीर्याने पाहावा.

काही प्रत्यक्ष पर्याय

कॅननच्या एपीएस-सी डीएसएलआरसाठी वर उल्लेखलेली ५५-२५० एसटीएम माझ्या पहिल्या पसंतीची आहे. २०१३ मध्ये आलेली ही लेन्स ३७५ ग्रॅमची आहे, दिवसभर गळ्यात वागवता येते आणि लांब टोकाला खरोखर रेखीव आहे. त्याच पल्ल्याच्या जुन्या, एसटीएम नसलेल्या आवृत्त्याही मिळतात, तेव्हा नाव नीट पाहावे. अधिक पल्ला हवा असेल तर २०१६ ची ईएफ ७०-३०० मिमी आयएस दुसरी आवृत्ती आहे. फोकस वेगवान, वजन मात्र ७१० ग्रॅम. आर मालिकेच्या कॅमेऱ्यांसाठी २०२१ मध्ये आलेली आरएफ १००-४०० मिमी एफ/५.६-८ ही पक्षीप्रेमींच्या विशेष उपयोगाची: ६३५ ग्रॅमच्या वजनात ४०० मिमी आणि ०.४१ पट मोठेपणा, बदल्यात लांब टोकाला एफ/८ चा अंधार. उजेडात फिरणाऱ्याने ती डोळे झाकून घ्यावी, सावलीत फिरणाऱ्याने आधी वापरून पाहावी.

निकॉनच्या एपीएस-सी डीएसएलआरवर, जुळणी होत असेल तर, एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर घ्यावी. ४१५ ग्रॅममध्ये एवढे देणाऱ्या लेन्स थोड्याच आहेत. झेड मालिकेच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी झेड डीएक्स ५०-२५० मिमी व्हीआर ४०५ ग्रॅमची आणि अपेक्षेपेक्षा खूपच चांगली आहे. सोनीच्या ई माउंटवर (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारे कडे) ५५-२१० मिमी ओएसएस ही २०११ ची लेन्स स्वस्त आहे, पण तिचा पल्ला लवकर अपुरा वाटतो. ७०-३५० मिमी जी ही तिच्याहून कितीतरी सरस आणि तितकीच महाग. थांबून पैसे साठवणे शक्य असेल तर थांबावे. टॅमरॉनची ७०-३०० मिमी एफ/४.५-६.३ हलकी आणि रेखीव आहे, मात्र तिच्यात स्थिरीकरण नाही, आणि सोनी ए६००० किंवा ए६४०० यांसारख्या कॅमेऱ्यांच्या बॉडीतही ते नाही, हे जोडीने लक्षात घ्यावे. फुजीफिल्मसाठी एक्ससी ५०-२३० मिमी ओआयएस. मायक्रो फोर थर्ड्ससाठी ऑलिंपसची ४०-१५० मिमी एफ/४-५.६ केवळ १९० ग्रॅमची आहे आणि चौकटीच्या हिशेबाने ३०० मिमीपर्यंत नेते. कॅमेऱ्याच्या पिशवीत ती असल्याचे जाणवतही नाही.

१८-३०० किंवा १८-४०० मिमीची एकच लेन्स सारे काही करील हा मोह प्रवासापुरता ठीक आहे, पण लांब टोकाच्या रेखीवपणात तडजोड होते. १५०-६०० मिमीच्या झूम लेन्स पल्ल्याच्या मानाने स्वस्त पडतात, आणि सुमारे दोन किलो वजनाच्या असतात. लहान बॉडीला ती जोडली की नाकापेक्षा मोती जड होतो आणि दोन महिन्यांनी लेन्स घरीच राहू लागते. टेलिकन्व्हर्टरचा (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून पल्ला वाढवणाऱ्या जोडकाचेचा) विचार या किमतीच्या लेन्सबाबत सोडून द्यावा: १.४ पटीच्या कन्व्हर्टरने एफ/६.३ ची लेन्स जवळपास एफ/९ ची होते, अनेक स्वस्त लेन्सवर तो बसतच नाही, आणि डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो.

वापरलेली लेन्स घेताना

परवडणारी या शब्दाचा खरा अर्थ वापरलेल्या लेन्समध्ये सापडतो. नव्या साध्या लेन्सच्या किमतीत कधीकधी वरच्या दर्जाची जुनी लेन्स मिळते. टॅमरॉनची २०१० मधील एसपी ७०-३०० मिमी एफ/४-५.६ व्हीसी यूएसडी हे त्याचे चांगले उदाहरण, तिचे स्थिरीकरण आजही भक्कम वाटते. पण पाहणी स्वतः करावी.

लहान पण प्रखर विजेरी बरोबर न्यावी. दोन्ही बाजूंची झाकणे काढून लेन्स डोळ्यासमोर धरावी आणि विजेरी मागच्या काचेतून तिरकी आत पाडावी. सरळ पाडल्यास सारे झगमगते आणि काही दिसत नाही. निकॉनच्या अनेक जुन्या लेन्समध्ये माउंटजवळचा लहान खटका बोटाने सरकवून ॲपर्चर उघडावा लागतो. आता हळूहळू कोन बदलत पाहावे. धुळीचे कण चमकतात. ते थोडेफार असणारच आणि चित्रात दिसत नाहीत. काचेच्या कडेपासून आत शिरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि किंमत कितीही कमी सांगितली तरी लेन्स खाली ठेवावी. एखादी काच श्वास सोडल्यासारखी धुरकट दिसली आणि ते धुके पुसले जात नसेल, तर उजेडासमोरची चित्रे फिकट येतील. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा सहसा निरुपद्रवी असतो. मागच्या काचेवरचा अधिक घातक.

त्यानंतर झूमची कडी सावकाश फिरवावी. ती कुठे अडखळते का, वाळू घासल्याचा आवाज येतो का, नळी पुढे काढल्यावर डगमगते का, लेन्स खाली झुकवताच आपोआप लांबते का, हे सारे हाताला कळते. शेवटचा दोष जुन्या लेन्समध्ये आढळतो आणि तो सहन करता येतो. डगमग मात्र आतली जुळणी बिघडल्याची खूण असू शकते. लेन्स कॅमेऱ्यावर लावून शटरचे बटण अर्धे दाबावे: स्थिरीकरण सुरू होताच व्ह्यूफाइंडरमधील (डोळा लावून पाहायच्या खिडकीतील) प्रतिमा तरंगत शांत झाली पाहिजे. ती उडी मारत असेल किंवा आतून खरखर ऐकू येत असेल तर दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीवर जाण्याची शक्यता असते.

लेन्स नवी असो वा जुनी, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी. सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पाने चिकटवावीत, कॅमेरा तिपाईवर भिंतीशी समांतर ठेवावा, स्थिरीकरण बंद करावे, सर्वांत लांब टोकाला आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरला दोन सेकंदांचा टायमर लावून छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपऱ्यांतील अक्षरे वाचावीत. चारही सारखीच थोडी मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे. एकच कोपरा विस्कटलेला दिसला तर कॅमेरा उलटा करून, तळ वर ठेवून, पुन्हा छायाचित्र घ्यावे. धूसरपणा भिंतीच्या त्याच भागावर राहिला तर कॅमेरा समांतर नव्हता. तो भिंतीच्या समोरच्या कोपऱ्यात गेला तर लेन्सच्या आतील काच तिरपी बसलेली आहे, आणि ती लेन्स बदलून घ्यावी. एकाच मॉडेलच्या दोन नगांत असा फरक असू शकतो.

लेन्सबरोबर हूड (पुढच्या काचेभोवती बसवायचे कडे) मिळाला नसेल तर तो आधी घ्यावा, कारण तो तिरका उजेड आणि धक्के दोन्ही अडवतो. स्वस्त संरक्षक फिल्टर मात्र टेलिफोटोवर लावू नये. ५५ मिमीला न जाणवणारा त्याच्या काचेचा दोष ३०० मिमीला मोठा होऊन दिसतो. दमट ऋतूत लेन्स पिशवीत बंद ठेवण्याऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, आत लहान आर्द्रतामापक टाकावा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. जेलचा रंग बदलला की ते वेळीच गरम करून कोरडे करावे किंवा बदलावे, आणि महिन्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून विजेरीने आतल्या कडा पाहाव्यात. बुरशी सुरुवातीला तिथेच धरते.